चाकोरी

एकतीस वर्षं मी खाणीच्या काट्यावर बसले.
रिकामा डंपर आत, भरलेला बाहेर,
मधला फरक म्हणजे डोंगर.
चाळीस-चाळीस टनांनी तो मी वहीत उतरवून घेतला,
आधी खांदा, मग पोट, शेवटी कणा.
आता तो हानोफरच्या रस्त्यांखाली आडवा पडलाय
माझ्या सहीनिशी.

गावात म्हणतात, इर्मट्राउडनं डोंगर विकला.
विकला नाही. तोलला.
फरक आहे, पण मी तो समजावत बसत नाही.

तिथं काय जगणार, असंच वाटेल तुम्हाला.
मलाही वाटायचं.
पांढरी धूळ, एकचा भोंगा, सुरुंग,
कपातल्या कॉफीवर उमटणारी वर्तुळं.
मग एका मे महिन्यात, पाळी संपल्यावर,
डंपरच्या चाकोऱ्यांतून आवाज आला.
ऊंक. ऊंक.
रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी हलकेच फुंकावं तसा.

ओटोकार ब्रिंकमननं बॅटरी धरली.
चाकोरीत वीतभर गढूळ पाणी,
पाण्यात चिखलाच्याच रंगाचा एक बेडूक.
उचलला तर पाठ वाकवून, हातपाय वर करून
त्यानं पिवळंधमक पोट दाखवलं:
मी विषारी आहे, हं.
डोळ्यातली बाहुली पत्त्यांतल्या बदामाची.
माझ्या काट्याला तो कळलाच नसता.
ऑफिसात टपालाच्या तराजूवर ठेवला.
सहा ग्रॅम.
ती नोंद मी कुठल्याच रकान्यात केली नाही.

पूर्वी हे काम नदी करायची.
दर पावसाळी पात्र बदलायची,
मागे डबकी ठेवून जायची,
उथळ, उघडी, ज्यांत अजून कुणी शत्रू पोचलेला नाही अशी.
मग नदीला दगडी काठ घालून वळण लावलं.
तिचं काम आमच्या डंपरांनी उचललं,
कुणी न सांगता, जादा मजुरी न घेता.

चाकोरी सोडून जग जरा, बहीण मला म्हणायची.
चाकोरीत कोण कोण जगतं
हे तिला ठाऊक नव्हतं.

खाण संपली. माती आली.
तीही मीच तोलली, उलट्या हिशेबानं:
भरलेला आत, रिकामा बाहेर.
कडा उतरता केला, वर गवत पेरलं,
प्लास्टिकच्या नळ्यांत भूर्जाची रोपं,
बँकेनं दिलेला एक बाक,
आणि प्लास्टिकचं अस्तर घातलेलं देखणं तळं.
जखम भरली, असं महापौर म्हणाले.

खोटं कशाला बोलू, ससे आले.
चंडोल आले, पहाटे ऐकू येतात.
कड्यातलं घुबड मात्र एक वसंत घिरट्या घालून
आपली कपार शोधत राहिलं, मग आलं नाही.
तळ्यात चतुरांच्या अळ्या आल्या,
कुणीतरी घरचे सोनमासे आणून सोडले,
दोघांनी मिळून बेडकांची अंडी संपवली.
बाकाशेजारी पाटी आहे.
पाटीवर पिवळ्या पोटाचं रंगीत चित्र.

ओटोकार आता चौऱ्याहत्तरचा, गुडघे गेलेले.
यंदा एप्रिलमध्ये जमीन ओली असताना
त्यानं रात्री पुतण्याचा ट्रॅक्टर काढला,
दिवे बंद ठेवून गवतावर खाली-वर, खाली-वर.
नगरपालिकेचं पत्र आलं:
हिरवळीचं नुकसान, दोनशे चाळीस युरो.
आम्ही निम्मे-निम्मे भरले.

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, तूही चढ,
चाक अजून रुतायला हवं.
मी चढले, हिवाळी कोट आणि थर्मॉससकट.
आयुष्यभर तोलत आले,
वजन म्हणून कामी यायची ही पहिलीच वेळ.

परवा पाऊस झाला. चाकोऱ्या भरल्यात.
काल रात्री दहापर्यंत आम्ही बाकावर होतो.
एकदा वाटलं,
पण ती ओटोकारच्या हातातली बाटली होती.